पुसट चांदणी

आमच्या ऊसतोडीच्या टोळीला उठवायचं काम माझ्या आईकडं होतं. घड्याळ एकट्या मुकादमाच्या मनगटावर, आणि मुकादम झोपायचा गावात, पक्क्या घरात. आम्ही उसाच्या रानात, कोप्यांमध्ये. तेव्हा वेळ बघायची ती आभाळात. एका ओळीत तीन चांदण्या असतात, त्याला आमच्याकडं तिकांडं म्हणतात. शिकलेली माणसं मृग नक्षत्र म्हणतात. पौषात हे तिकांडं मावळतीला हातभर उरलं की आई उठायची, पदर डोक्याला घट्ट गुंडाळायची आणि कोप्यांच्या ओळीतून हाका मारत जायची. माघात तिकांडं लवकर बुडायला लागलं की ती विंचवाच्या चांदण्यांवर वेळ सांगायची. तिची वेळ कधी चुकली नाही. तिकांड्याच्या खाली आणखी तीन बारीक चांदण्या लोंबतात, त्यांतली मधली चांदणीसारखी नाही. तिला टोक नाही. काचेवर तोंडाची वाफ सोडावी तशी ती दिसते. आई तिला पुसट म्हणायची. तिचा हिशेब असा होता की पुसट दिसली म्हणजे आभाळ चोख, वेळ बेलाशक सांगावी. पुसट दिसली नाही तर वर धुकं आहे, चांदण्यांवर भरवसा ठेवू नये. रोज संध्याकाळी चुलीवरून उठली की ती आधी पुसट बघायची.

आमचं गाव तिसगावच्या पलीकडं. दसरा झाला की गाव रिकामं व्हायचं आणि बैलगाड्या उत्तरेला, पाटाच्या पाण्याखालच्या रानाकडं लागायच्या. मी चौथी पास झाले होते. गुरुजींनी दाखला तयार ठेवला होता, पाचवीला तिसगावला जायचं असं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कबूल केलं होतं. फक्त हा एक सीझन आईला मदत कर, म्हणाले, तिचे दिवस भरत आलेत. मी गेले. कोपी म्हणजे कळकाची ताटी वाकवून वर पाचट टाकलेलं बीळ. आत उभं राहता येत नाही. मोठी माणसं वाकून आत जायची आणि वाकूनच बाहेर यायची, त्यामुळं सीझनभर सगळी म्हातारी दिसायची. पहाटे भाकऱ्या थापल्याचा आवाज ओळीनं सगळ्या कोप्यांतून यायचा, मग बैलांच्या घुंगरांचा, मग दिवसभर कोयत्यांचा. वारा तिकडून असला तर कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा आणि मळीचा वास यायचा. तो वास भाकरीलाही लागायचा. बाजरीची भाकरी, तिखट, हुलग्याचं माडगं आणि चुकून कधी काकवी. एवढंच.

दिवाळीच्या आसपास आई तिथंच बाळंत झाली. मुलगा झाला. बाळंतपण केलं राधाआत्यानं. राधाआत्या अण्णांची थोरली बहीण. नवरा लवकर गेलेला, जीभ धारदार आणि हात उबदार. आईवर तिचा फार जीव होता. पथ्यही तिनंच लावलं आणि ते कडक लावलं. बाळंतिणीनं पालेभाजी खायची नाही, बाळाचं पोट बिघडतं. फळ नाही, थंड पडतं. दूध तर नव्हतंच. बाजरीची भाकरी, गूळ, डिंक असला तर डिंक. आमच्याकडं हे सगळीकडं असंच होतं, आत्यानं काही नवीन काढलं नव्हतं. टोळीत त्या साली लेकुरवाळ्या बायका पुष्कळ होत्या, आणि पोर अंगावर पितं तोवर सगळ्यांचं पथ्य आत्याच्या नजरेखाली. कुणी पाटाच्या कडेचा तांदुळजा खुडला की ती लांबूनच ओरडायची, "ए भवाने, पोराला ढाळ लागले तर मला हाका मारू नकोस!" खुडलेली भाजी मग गड्यांच्या, पोरांच्या ताटात जायची, उरलेली बैलांपुढं. आई बाराव्या दिवशी मोळ्या उचलायला लागली आणि मी बाळ सांभाळायला लागले.

पौषातली संध्याकाळ होती. आईनं चुलीवरून उठून उगवतीकडं बघितलं. तिकांडं चांगलं वर आलेलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"इंदे, धुकं पडलंय व्हय गं?"

"न्हाई की."

"मग पुसट कुठं गेली?"

मी बोट दाखवलं. पुसट होती तिथंच होती. आई म्हणाली, "न्हाई, धुकंच हाय वर," आणि मागं वळताना भरल्या कळशीवर पाय अडखळून पडली. कळशी वाटेत नव्हती, रोजच्याच जागी होती. अण्णा हसले. म्हणाले, "बाळंतीण झाली का आंधळी झाली?" तीही हसली. मी चिखल लोटून काढला. एवढंच झालं त्या दिवशी.

पुढं रोज तसंच. दिवसा तिला सगळं दिसायचं, सुईत दोराही ओवायची. दिवस बुडाला की हात पुढं धरून चालायची. पुसट काही दिसेना. मग तिनं धुक्याची गोष्ट सोडून दिली, कारण बाकीच्या चांदण्या, मोठ्या मोठ्या, तिला दिसत होत्या. एका संध्याकाळी तिनं आत्याला सांगितलं, "वन्सं, ती चांदणी इझाया लागलीय." आत्यानं डोळे बारीक करून बघितलं. तिलाही दिसेना, पण ती म्हातारी, तिला दिसायचं कारणच नव्हतं. तिनं शेजारच्या कोपीतल्या चंद्राला हाक मारली. चंद्रा तरणी, दीड वर्षाचं पोर अजून अंगावर पिणारं. चंद्रानं बघितलं आणि तोंडाला पदर लावला. "व्हय की गं बाई. मागच्या साली हुती. मीच बघितली हुती." मग एकेक बाई आली, मान वर करून उभी राहिली आणि एकेक म्हणाली, न्हाई. तोंडं वर केलेली, हात डोळ्यांवर धरलेले, आणि कुणालाच दिसत नाही. मला दिसत होती. मी म्हणाले, "अवं ती काय तिथं!" तर चंद्रा म्हणाली, "पोरी, तुला सवय हाय म्हनून दिसती. माणूस गेल्यावरबी दारात दिसतं काई दिस."

गड्यांनी ऐकलं आणि ते बघायला आले. त्यांना दिसली. सगळ्यांना दिसली. झालं, तिथंच जुंपली. अण्णा म्हणाले, "बायकांनो, चांदणी हाय तिथं हाय. धुरात बसून बसून डोळ्यांत काजळी गेली तुमच्या." चंद्रा म्हणाली, "तुमचं काय, तुमी आठवड्याच्या बाजारातनं आलात की एकाच्या दोन दिसत्यात तुमास्नी. इझलेलीबी दिसंल." सगळे हसले. तिचा नवरा जास्तच हसला. मी बाळ काखेत घेऊन उभी होते. मला तेव्हा ते कळलं नाही, पण आज लिहिताना अंगावर येतं. गडी एका बाजूला, त्यांना दिसतेय. बाया दुसऱ्या बाजूला, त्यांना दिसत नाहीय. इतकं समोर मांडून ठेवलेलं होतं, आणि कुणीही ते तसं बघितलं नाही. भांडण झालं ते आभाळावरून झालं.

आत्या म्हणाली, चांदणीला तेल कमी पडलंय. दिवा मिणमिणतो तो तेलावाचूनच. मग बायकांनी ठरवलं की रोज दिवस मावळताना एक दिवा तिकांड्याकडं तोंड करून ठेवायचा आणि तेल पाळीनं प्रत्येक कोपीतून घालायचं. गोडं तेल. जे भाकरीवर थेंबभर घ्यायला मिळायचं, ते. बायकांनी आपल्या भाकरीवरचं बंद केलं आणि चांदणीला घातलं. ज्यांना दिसत नव्हतं त्यांनीच.

आता मी नगरला मुलाकडं राहते. माझी नात ऋतुजा पुण्याला आभाळातल्या या असल्याच गोष्टींवर संशोधन करते. मागच्या हिवाळ्यात सुट्टीला आली होती, माझ्याबरोबर मेथी निवडायला बसली. मी तिला विचारलं, तिकांड्याखाली एक पुसट आहे ती काय आहे गं? ती एकदम ताठ बसली. म्हणाली, "आजी, मी त्याच्यावरच तर काम करते! ती चांदणी नाही, तेजोमेघ आहे. वायूचा ढग." मग सांगायला लागली ती थांबेना. त्या ढगाच्या पोटात काही कोवळे तारे आहेत, भयंकर तापलेले. त्यांचा प्रकाश अणूवर आपटतो आणि अणूतला इलेक्ट्रॉन सुटून पळतो. मी विचारलं, पळून जातो कुठं? म्हणाली, भटकतो. भटकता भटकता दुसऱ्या एखाद्या उघड्या पडलेल्या अणूच्या हाती लागतो. तिथं एकदम तळाला जात नाही, पायरी पायरीनं उतरतो आणि प्रत्येक पायरीला थोडा उजेड टाकतो. हायड्रोजनचा उजेड तांबडा. मग पुन्हा प्रकाश येऊन आपटतो, पुन्हा पळापळ. हे असंच चाललेलं आहे. मी म्हणाले, म्हणजे तेल लागत नाही. ती हसली, तिला वाटलं मी गंमत करतेय.

पण आपल्या डोळ्याला तो तांबडा दिसत नाही, म्हणाली. अंधारातला डोळा पकडतो तो हिरवा, आणि हिरवा टाकतो ऑक्सिजन. भटक्या इलेक्ट्रॉनचा धक्का बसला की ऑक्सिजनचा अणू वरच्या पायरीवर चढून बसतो. तिथून उतरायला त्याला वेळ लागतो. आपल्या इथल्या हवेत इतकी दाटी आहे की तेवढ्यात दुसरं कुणीतरी येऊन आपटतं आणि त्याचा उजेड बाहेर पडायच्या आधीच जातो. तिकडं सगळं इतकं विरळ आहे की त्याला कुणी धक्का मारत नाही. तो बसतो आणि मग सावकाश उजेड टाकतो. "बरं आहे त्याचं," मी म्हणाले. ऋतुजा त्या उजेडाचे रंग मोजून ढग किती तापलेला आहे आणि किती विरळ आहे ते काढते. मग ती म्हणाली, "आणि गंमत म्हणजे आजी, अंधारात बघणारा डोळा चालतो जीवनसत्त्वावर. पालेभाजीतल्या." मेथीची जुडी तिच्या हातात होती. मी उठून आत गेले. नंतर तिला सगळं सांगितलं आणि ती म्हणाली, हे लिहून काढ. म्हणून लिहितेय, नाहीतर माझ्या हाताला एवढी सवय नाही.

माघात आईला तिकांडंही दिसेना झालं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही. टोळीला उठवायचं काम तिचं, ते गेलं तर तिचं टोळीतलं वजन जातं. मग ती मला हलवून उठवायची, आम्ही दोघी कोपीबाहेर यायचो आणि मी कानात सांगायचे, विंचू इतका वर आलाय. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून हाका मारत जायची. लोकांना वाटायचं लेक थंडीनं आईला चिकटलीय. दिवसा तिचे डोळे कोरडे पडायला लागले, खरखरीत, तापल्या तव्यासारखे. ती पापण्या चोळायची. आत्यानं मध घातला. मग कुणी सांगितलं म्हणून कांद्याचा रस घातला. आई ओरडली नाही, पाय मात्र जमिनीवर घासत राहिली. मी अण्णांना गाठलं. ते बैलांना वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, घालत होते.

"अण्णा, आईला दिसत न्हाई."

"तिला चांदणी दिसत न्हाई. ठावं हाय मला."

"चांदणी हाय की अण्णा. तुमास्नी दिसती, मला दिसती. तिलाच दिसत न्हाई. आन चंद्राकाकूलाबी."

त्यांनी हातातली वाढ्याची पेंढी खाली ठेवली. मग म्हणाले, "सीझन संपू दे. गावाकडं गेल्यावर बगू." माझं बोलणं त्यांना पटलं होतं असं मला आजही वाटतं. पण एक कोयता म्हणजे नवरा-बायको, आणि बायको दवाखान्यात नेली तर कोयता मोडतो. ते पुन्हा वाढं घालायला लागले. मी त्या वेळी अकरा-बारा वर्षांची. मला काय करता येणार होतं ते मी पुष्कळदा मनात घालून बघितलं आहे. काही नाही. रस्ता कुठं जातो तेसुद्धा मला माहीत नव्हतं.

एका दुपारी बाळाला पाजताना आई म्हणाली, "माझ्या डोळ्यात कचरा गेलाय, बग." मी बघितलं. उजव्या बुबुळावर पांढरं आलं होतं, शिजलेल्या भाताच्या शितासारखं. आमच्याकडं म्हणतात, डोळ्यात फूल पडलं. मी आत्याला हाक मारली. आत्यानं बघितलं आणि ती अण्णांना हाका मारत फडाकडं धावली. त्या दिवशी मात्र अण्णांनी बैल जुंपले ते ऊस घालायला नाही.

मिशनच्या दवाखान्यात नर्सबाईनं डोळे उघडून बघितले आणि विचारलं, "खायला काय घालता हिला?" आत्या पुढं झाली. तिला वाटलं, पथ्याचं विचारताहेत. "पथ्य कडक हाय बाई. दिवाळीपासनं पाल्याचं पान तोंडात जाऊ दिलं न्हाई मी."

नर्सबाईनं हातातली वाटी खाली ठेवली. "राहता कुठं?"

"पाटाच्या कडंला, उसात."

"तिथं तांदुळजा उगवत नाही?"

"मोप उगवतो. बैलं खात्यात."

नर्सबाई रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं आत्याच्या दंडाला धरून तिला बाकावर बसवलं आणि सावकाश सांगितलं की पाला द्यायला हवा होता, रोज द्यायला हवा होता. उजवा डोळा गेला. डावा किती राहील ते बघू. माशाच्या वासाचं तेलकट औषध दिलं. येताना गाडीत आईचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि आत्या रस्त्याकडं न बघता समोरच्या बैलाच्या पाठीकडं बघत होती. संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा बायकांनी चांदणीचा दिवा लावायची तयारी केलेली. आत्या उतरली, पाटावर गेली, ओंजळी भरभरून तांदुळजा घेऊन आली. मग दिव्यातलं तेल तिनं तव्यावर ओतलं आणि भाजी टाकली. चंद्रा म्हणाली, "वन्सं, चांदणीचं तेल!" आत्या म्हणाली, "खा मुकाट्यानं." प्रत्येक बाईच्या भाकरीवर तिनं स्वतः वाढलं. का ते तिनं कुणाला सांगितलं नाही. मी सांगितलं तर माझं कुणी ऐकलं नाही. पथ्य मोडलं म्हणून दोघी-तिघी तिच्याशी बोलेनात, पण तिच्या जिभेच्या भीतीनं भाजी खात राहिल्या.

ऋतुजा सांगत होती, पूर्वी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी त्या हिरव्या उजेडाचा अर्थ चुकीचा लावला होता. तसा उजेड इथं कुठल्याही पदार्थातून निघेना, म्हणून त्यांनी ठरवलं की तिकडं काहीतरी वेगळंच द्रव्य आहे, पृथ्वीवर नसलेलं. त्याला नावसुद्धा ठेवलं. पुष्कळ वर्षांनी कळलं की तो आपलाच ऑक्सिजन, आपण रोज नाकानं घेतो तो. मी म्हणाले, त्यांचं चुकलं ते कागदावर चुकलं, खोडता आलं. नातीला लागेल असं बोलायचं नव्हतं मला, पण मला गोड बोलता येत नाही.

चैत्रात आम्ही गावी परतलो. आईचा डावा डोळा थोडा वाचला. उजेड-अंधार कळायचा, माणूस समोर आलं तर आकार कळायचा. तिला हाताशी कुणीतरी लागणार होतं. गुरुजींनी दाखला ठेवलेला तो तसाच राहिला, पुढच्या दसऱ्याला मी पुन्हा गाडीत बसले. टोळी तीच, रान दुसरं. आता उठवायचं काम माझ्याकडं होतं.

पौषातल्या एका संध्याकाळी चंद्रानं आपल्या कोपीपुढं उभं राहून एकदम हाक दिली, "अगं बायांनो, आली! पुसट आली!" सगळ्या धावल्या. पावसाळाभर गावाकडं पाला खाल्लेला, पोरं अंगावरची सुटलेली. एकीला दिसली, दुसरीला दिसली. कुणी हात जोडले. कुणी म्हणालं, तेल पोचलं तिला. चंद्रा तर नाचायचीच बाकी होती. राधाआत्या चुलीपुढंच बसून राहिली, तिनं मान वर केली नाही. मी आईच्या शेजारी होते, बाळ आता आईच्या पायाशी पावलं टाकायला लागलं होतं. चंद्रा लगबगीनं आली आणि म्हणाली, "वैनी, पैली तुमीच सांगितलं हुतं इझाया लागलीय म्हनून. आता बगा की. दिसती का?"

आईनं तोंड वर केलं. "व्हय," म्हणाली, "चांगली दिसती की."

तिचं तोंड मावळतीकडं होतं. तिकडं काही नव्हतं, उसाचा फड आणि वर मोकळं आभाळ. चंद्रा तिच्याकडं बघत राहिली. मी आईची हनुवटी दोन बोटांत धरली आणि उगवतीकडं वळवली. आईनं वळवू दिली. मग दोघी बराच वेळ तसंच वर बघत बसलो.